एका टॅक्सीत एकच कुटुंब

लालबाग, मुंबई १२
ता. ११ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप दत्तारामदादा यांच्या चरणी राजारामचा सप्तांग नमस्कार. (आठवे अंग, म्हणजे उजवा पाय, अजून प्लॅस्टरमध्ये आहे. तो सुटला की राहिलेला नमस्कार पाठवीन.) आपण, वहिनी आणि मुले खुशाल असाल. वहिनींची दाढ काढली की ठेवली ते कळवावे. काढली असल्यास दुखणारीच काढली ना, हे स्वतः तोंडात बघून खात्री करावी. आमच्या खात्यातल्या एकाची शेजारची काढली आणि दुखणारी त्याच्याबरोबर पेन्शनीत गेली. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे काय ते पुढे वाचालच. एक विनंती, हे पत्र नेहमीप्रमाणे ओटीवर बसून मोठ्याने वाचू नये. गोठ्याकडे जावे आणि मनातल्या मनात वाचावे.

पत्रास कारण आपल्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई.

आई इथे आल्या त्या माझा पाय मोडला म्हणून, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपणच त्यांना बोटीत बसवून दिलेत. पाय कसा मोडला हे मात्र आपल्याला बकुळाने कळवले आहे आणि ते अपुरे आहे. तिने लिहिले की मी गिरणीच्या स्टोअरमध्ये तेलावरून घसरलो. घसरलो हे खरे. पण तेल तिथे आले कसे? मी गेली कित्येक वर्षे त्या स्टोअरचा कारकून आहे, तिथे एक बॉबिन इकडची तिकडे झाली तर मला झोपेत कळते, आणि नेमके माझ्या टेबलाच्या वाटेवर तेल सांडते? मी मॅनेजरला तसे लेखी कळवले. त्यावर त्याने मला सहा आठवड्यांची रजा दिली. मागितलेली रजा हा मनुष्य कधी देत नाही, आणि न मागता सहा आठवडे देतो, यातच काय ते समजा. तर असा मी गॅलरीत आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, आणि घरात आई, बकुळा आणि माझी धाकटी बहीण मृणालिनी. तीन बायका एका घरात आणि तिघींचे एकमेकींशी पटते. संसाराचा थोडाफार अनुभव असलेल्या कोणालाही यात काहीतरी पाणी मुरते आहे हे कळले असते. मला कळायला उशीर लागला तो दुखण्यामुळे.

आता पाटीचे सांगतो, कारण सगळे तिथून सुरू झाले. आजवर आमच्याकडे टॅक्सी पाहिजे असेल तर माणूस फुटपाथवर उभा राहून हात वर करी, आणि ड्रायव्हरची मर्जी असेल तर ती थांबे. आपल्या चाळीच्या पायरीशीही थांबे. गेल्या महिन्यात एक दिवस चार माणसे आली, त्यांनी चाळीच्या तोंडाशी पानवाल्याच्या बाजूला रस्त्यावर पांढरे पट्टे ओढले, एक खांब पुरला आणि त्यावर पाटी ठोकली. पाटीवर नियम. टॅक्सीने पट्ट्यांच्या आतच उभे राहायचे. उतारूंनी रांग लावायची. रांगेत पहिला त्याला पहिली गाडी, गाडी आवडो वा न आवडो. रस्त्यात हात करून गाडी थांबवायची नाही. आणि शेवटचा नियम असा की एका टॅक्सीत एकच कुटुंब किंवा एकच मंडळी. निरनिराळी भाडी एका गाडीत कोंबायची नाहीत. हे मी पाटीवर वाचले कारण पहिल्या दिवशी ती वाचता येत होती. एवढ्या मोठ्या लालबागमध्ये ह्यांना आमचीच चाळ का सापडली? चाळीतल्या मंडळींचे मत पडले की हे द्विभाषिक राज्याच्या सरकारचे कारस्थान आहे; समितीच्या सभांना कोण जातो, कुठे उतरतो, हे एका जागी उभे राहून मोजता यावे म्हणून ही सोय. (आमच्याकडे हल्ली पाव शिळा निघाला तरी द्विभाषिकामुळे निघतो. पण या बाबतीत मी चाळीशी सहमत होतो.) दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर डांबराने ठळक लिहिलेले होते, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. हे कोणी लिहिले ते मला अक्षरावरून कळले, पण ते पत्रात लिहीत नाही.

डांबरामुळे झाले काय की नियम आता कोणालाच वाचता येईना. घोषणा खरवडून काढायची तर चाळीतला एकही माणूस हात लावेना, आणि तिथे नेमलेला हवालदार साताऱ्याकडचा, तो म्हणाला मला ब्रश मिळालेला नाही. तेव्हापासून नियम फक्त हवालदाराच्या डोक्यात आहे. सकाळी तो कडक असतो, जेवून आल्यावर सैल पडतो, आणि हवालदाराची सुट्टी असेल त्या दिवशी नसतोच. त्यातला ‘एका टॅक्सीत एकच कुटुंब’ एवढा भाग मात्र त्याला पक्का पाठ आहे, कारण तो त्याला पटलेला आहे.

पाटी लागल्यावर थोड्याच दिवसांत मला वरून एक गोष्ट दिसली. दुपारी बाराच्या सुमाराला आई काखेत पिशवी मारून खाली जात आणि टॅक्सीच्या रांगेत उभ्या राहत. रांग पुढे सरके तशा सरकत. पहिला नंबर आला की दुसऱ्याला गाडीत बसवीत आणि स्वतः पुन्हा रांगेच्या शेवटी. असे दीड-दोन तास. मग घरी येऊन चहा पीत. ‘कुठे गेला होतात?’ म्हणून विचारले तर म्हणाल्या, ‘खंय नाय. पाय मोकळे करूक.’ आता दादा, पाय मोकळे करायला माणूस देवळात जातो, बाजारात जातो. टॅक्सीच्या रांगेत कोण जातो? बकुळाला विचारले तर ती म्हणाली, ‘तुम्ही पाय वर ठेवून पडा बघू.’ हे उत्तर झाले का? माझ्या मनात प्रथम आले की आईंना इथे करमत नसावे आणि त्या टॅक्सी करून भाऊच्या धक्क्यावर जाऊन परस्पर बोटीने गावी निघण्याच्या बेतात असाव्यात. पण तसे असते तर त्यांनी माझी चांगली छत्री नेली असती, ती कोपऱ्यात होती. मग माझे लक्ष पिशवीकडे गेले. जाताना ती जड असे आणि त्या ती छातीशी धरून अगदी सांभाळून नेत. त्याच सुमाराला मी ऐकले होते की दारूबंदीमुळे अँटॉप हिलच्या बाजूची हातभट्टीची दारू रबरी पिशव्यांतून गावभर फिरते, टॅक्सीने फिरते, आणि संशय येऊ नये म्हणून ती बरोबर म्हाताऱ्या बायका बसवतात. दादा, आपल्या मातोश्रींविषयी असे लिहू नये हे मला कळते. पण मी स्टोअरचा माणूस आहे. बॅग बघितल्याशिवाय मी कोणाला सोडलेले नाही.

एका दुपारी, निघण्याच्या आधी आई मोरीत हातपाय धुवायला गेल्या असताना मी खुर्ची ढकलत ढकलत खुंटीपर्यंत गेलो आणि पिशवी काढली. आत रबरी पिशवी. गच्च भरलेली, बूच घट्ट. वास घेतला तर रबराचा, आणि वर थोडा आमसुलांचा. (दारूचा वास मारायला आमसुले वापरतात की नाही हे मला ठाऊक नाही, पण मी वापरली असती.) शेवटी खात्री करून घ्यावी म्हणून बूच काढून तोंडाला लावली. ते नुसते पाणी होते. परंतु उकळते होते. आई ती पिशवी गुडघे शेकायला नेत असत, रांगेत उभे राहून त्यांचे गुडघे धरतात म्हणून. हे मला नंतर कळले. त्या वेळी माझी जीभ भाजली आणि पुढे दोन दिवस मला ‘र’ म्हणता येईना. बकुळाने विचारले काय झाले, तर मी सांगितले चहा गरम होता. ती म्हणाली, ‘चहा तर मी अजून केलाच नाही.’ या घरात माझ्यावर अशी पाळत आहे.

मग मी फक्त बघायचे ठरवले, आणि बघता बघता माझ्या लक्षात आले ते असे. आई रांगेतल्या प्रत्येकाला विचारीत, ‘खंय जातलास?’ कोणी म्हणे हिंदमाता, कोणी दादर, कोणी शीव. हिंदमातावाल्याला त्या म्हणत, ‘तू थांब. शीववाले आधी होऊं देत.’ अशा तऱ्हेने शीवची चार डोकी जमली की ती एका टॅक्सीत घालीत. एकट्याला टॅक्सी परवडत नाही, चौघांना बसपेक्षा थोडी जास्त पडते, आणि बसची रांग तर चिंचपोकळीपर्यंत जाते. म्हणून लोक खूष. ड्रायव्हर खूष. त्यातला लवू नावाचा एक मालवणचा ड्रायव्हर तर आईंना खाली वाकून नमस्कार करी. (मी त्याचा नंबर लिहून ठेवला आहे.) प्रश्न हवालदाराचा होता. तो येऊन विचारी, ‘ही सगळी एकाच घरची का?’ आणि आपल्या मातोश्री, ज्यांनी आपल्याला आणि बकुळाला खोटे बोलू नये असे शिकवले, त्या डोळ्याची पापणी न हलवता सांगत, ‘ह्यो माझो भाचो. ही सून. ह्यो थोरलो जावय.’ मग हवालदार एकेकाचे तोंड निरखून दार लावून घेई. गेल्या महिन्याभरात आईंना जेवढे जावई झाले तेवढे आपल्या सगळ्या तालुक्यात नसतील.

इथपर्यंत मी सहन केले. पण रोज बाराच्या गाडीत मृणालिनीही बसू लागली. तिची शाळा शीवला, दुपारची, आणि पूर्वी ती बसने जाई. आता टॅक्सीने जाते, आईंनी बसवलेली. बरोबर एक चष्मेवाली नर्स, एक कोळीवाड्याची बाई, आणि एक पांढऱ्या शर्टाचा मनुष्य. नर्स बदले, कोळीण बदले, तो मनुष्य बदलत नसे. हातात जेवणाचा डबा, रोज त्याच हातात. आणि खिडकीची जागा रोज मृणालला. दादा, मुंबईत शहाणा माणूस खिडकी सोडत नाही. सोडतो तो मनात काहीतरी धरून. मृणाल आता तिशीला टेकली आहे. तिच्यासाठी मी स्थळे बघितली नाहीत असे नाही. एक जण कडक उन्हाळ्यात रेनकोट घेऊन आला होता. एकाने आमचे काही म्हणणे नाही असे तीन वेळा सांगितले. ज्याला म्हणणे नसते तो एकदाच सांगतो. एकाच्या आईने घर बघताना मोरीत डोकावून बघितले. अशा ठिकाणी मी माझ्या बहिणीला ढकलू का? ती मला कधी काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे पटले असे मी धरून चाललो.

गेल्या शुक्रवारी तिच्या शाळेला सुट्टी होती. हे मला तिने सांगितले नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरने सांगितले. तरी ती बाराच्या ठोक्याला निळे पातळ नेसून बाहेर पडली. मी विचारले, तर ‘मैत्रिणीकडे’ म्हणाली आणि माझ्याकडे न बघता चपला घातल्या. बकुळा स्वयंपाकघरात एकदम मोठ्याने भांडी घासू लागली. तेव्हा मी कुबडी घेतली आणि जिना उतरलो. तीन मजले एका पायाने कसे उतरलो ते लिहीत नाही. बसून उतरलो एवढे पुरे. खाली पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती. मी धापा टाकत पाटीच्या खांबाला धरले आणि हवालदाराला विचारले, आत्ता गेलेल्या गाडीतली ती निळ्या पातळातली बाई कोण, काही ठाऊक आहे का?

‘त्या व्हय,’ हवालदार म्हणाला. ‘त्या आजींची भाची. बरोबर तिचे यजमान हुते.’

मी म्हटले, ‘कोण यजमान?’

‘टेलिफोनात हायेत. लई शांत मानूस. येक शबुद वाकडा न्हाई. नवराबायकूचं असं पायजे बगा.’

दादा, मी त्या बहिणीला आईबापांमागे वाढवली, आणि तिचे लग्न झाल्याची बातमी मला ट्रॅफिकच्या हवालदाराकडून कळते आहे. मी आईंकडे बघितले. आई पदर नीट करू लागल्या. मी हात सोडवून पुढे व्हायला गेलो तर हात खांबाला चिकटलेला. वरून ओघळलेले डांबर उन्हाने मऊ झाले होते. तो सोडवला, आणि मागे लवूची गाडी लागली होती तिच्याकडे कुबडी दाखवून म्हणालो, मला ह्या गाडीतून जायचे आहे, आत्ताच्या आत्ता. हवालदार आडवा आला. गाडीत आधीच शीवचे तिघे बसले होते. ‘तुमी ह्यांचे कोन?’ मी म्हटले, मी ह्या बाईंचा जावई आहे. हवालदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितले. विझलेली विडी कानावर, तीन दिवसांची दाढी, एका पायात चप्पल, एका पायाला प्लॅस्टर, हाताला डांबर.

‘आजी,’ तो म्हणाला, ‘ह्यो न्हाई चालायचा. ह्यो जावयावानी दिसंना.’

एवढ्या खोट्या जावयांना त्याने दारे उघडून बसवले आणि खऱ्याला हटकले. तेव्हा आई पुढे झाल्या आणि अगदी नाइलाजाने म्हणाल्या, ‘असांदेत हवालदार. ह्यो पण जावयच. धाकलेचो.’ (मी धाकटीचा नाही. आपल्याला एकच बहीण आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे.) असा मी आत बसलो.

लवूला विचारले, निळ्या पातळवाली कुठे उतरते? त्याने आरशातून माझ्याकडे बघत मीटर पाडला. तो मला सी.आय.डी. समजत असावा. मग मी त्याला सांगितले की मी तिचा भाऊ आहे, तेव्हा तो म्हणाला, ‘मगे तुमका म्हायत असतलाच.’ शेवटी बाकीचे तिघे शीवला उतरल्यावर त्याने गाडी अँटॉप हिलकडे वळवली. अँटॉप हिल हे नाव ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय उभे राहिले ते आपण समजू शकता. हातभट्ट्या, फरारी गुन्हेगार, आणि त्यात निळे पातळ. गाडी थांबली ती सरकारी नोकरांच्या नव्या चाळीसमोर. इमारतीला चुन्याचा वास, आवारात विटांचे ढीग. तळमजल्यावर एका खोलीचे दार उघडे होते. मी कुबडीचा आवाज न करता जवळ गेलो.

आत काही नव्हते. स्टूल नाही, चटई नाही. मृणाल खिडकीशी उभी राहून कोपरापासून बोटांपर्यंत हाताने खिडकी मोजत होती. मोजून झाल्यावर ती कोपऱ्यात गेली आणि जमिनीकडे हात करून म्हणाली, ‘शेगडी इथे. धूर खिडकीतून जाईल.’ तो पांढऱ्या शर्टाचा मनुष्य दुसऱ्या कोपऱ्यात डबा धरून उभा होता, आणि ती सांगेल तिथे मान हलवत होता. ती पुढे म्हणाली, ‘आणि इथे दादाची खुर्ची.’ मी दारातच होतो. मला खोकला आला.

मृणाल वळली, पण दचकली नाही. माझा पाय बघून म्हणाली, ‘दादा, टेकून उभा राहा. हलू नकोस.’ मी भिंतीला हात टेकला आणि नव्या चुन्यावर माझा काळा पंजा उमटला. तो मनुष्य, जयवंत त्याचे नाव, पुढे आला आणि वाकून नमस्कार केला. गडबडीत त्याने प्लॅस्टरला नमस्कार केला. मग बाहेर जाऊन रंगाचा रिकामा डबा आणला, आपल्या रुमालाने पुसला आणि मला बसायला दिला.

मी मृणालला विचारले, ‘हे कोणी ठरवलं? आईंनी?’

‘नाही. आईंनी फक्त गाडीत बसवलं.’

‘मग?’

‘हवालदारांनी,’ ती म्हणाली. मग तिने सगळे सांगितले. आईंनी पहिल्या दिवशी हवालदाराला सांगितले की ही भाची आणि हा तिचा नवरा, आणि मग रोज तेच सांगावे लागले. हवालदार रोज दार लावताना विचारी, कसे आहात, डबा घेतला का. दोघे मान खाली घालून बसत. पहिले पंधरा दिवस एकमेकांशी बोलणे म्हणजे ‘सुटे आहेत का’ एवढेच. मग एक दिवस ह्याची ड्यूटी बदलली आणि ती एकटीच आली. हवालदाराने विचारले, यजमान कुठे? भांडण झाले का? ‘मी घाईने आत शिरले,’ मृणाल म्हणाली. ‘गाडीत बसल्यावर मला रडू यायला लागलं, दादा. ज्या माणसाचं मला आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. शाळेत पोचेपर्यंत थांबेना. तेव्हा कळलं.’

मी म्हटले, मला का सांगितले नाहीस. ती म्हणाली, ‘पाय बरा झाल्यावर सांगणार होते. आधी सांगितलं असतं तर धावत आला असतास.’

‘आलोच की.’

‘म्हणूनच,’ ती म्हणाली.

दादा, मी त्या जयवंताची तिथेच डब्यावर बसून चौकशी केली. गाव फोंडाघाटाच्या खाली. आईबाप हयात, एक भाऊ शेती करतो. नोकरी टेलिफोन खात्यात, कायम, आणि ही खोली खात्यानेच दिलेली. (हे लोक लोकांचे बोलणे ऐकतात असे म्हणतात. आमच्या चाळीत फोन नाही, पण असता तर ह्याने ऐकला असता.) विडी नाही, तंबाखू नाही, दारूचा प्रश्नच नाही. मी विचारले ते सगळे त्याने सांगितले, आणि सांगताना एकदाही अडखळला नाही. एवढा सरळ मनुष्य मी आजपर्यंत पाहिलेला नाही, त्यामुळे मला तो ओळखता येत नाही. जाताना त्याने मला टॅक्सीत बसवले आणि खिडकीची जागा दिली. ती मी घेतली. घेतली म्हणजे मी होकार दिला असे नाही.

घरी आलो तर चाळीतल्या सर्वांना सर्व ठाऊक. बकुळाला ठाऊक, पानवाल्याला ठाऊक, तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी तर वैशाखातले मुहूर्तसुद्धा काढून ठेवलेले. आईंनी माझ्या हाताचे डांबर गोडेतेल लावून काढले आणि काढता काढता म्हणाल्या, ‘जावयबापू, चांगला माणूस गावलो. आता तेचेत खोट शोधूं नकात.’ मी शोधत नाही. मी थांबलो आहे. खोट असली तर ती आपणहून बाहेर येईल. सोमवारी सकाळी ती चार माणसे पुन्हा आली, पांढरे पट्टे खरवडले, खांब उपटला आणि स्टँड हलवून परळ नाक्याच्या पलीकडे नेला. घोषणेची पाटी चाळीतल्या पोरांनी मागून घेतली. आई म्हणतात, आता परळापर्यंत चालत जाणे होणार नाही, गुडघे ऐकत नाहीत. आपण नियम पाळला म्हणून स्टँड नेला की मोडला म्हणून, याचा त्यांना उलगडा होत नाही. मला होतो, पण तो या पत्रात लिहिणे सुरक्षित नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गोठ्यातून आता बाहेर यायला हरकत नाही.

आपला
राजाराम

ता. क. वरचे सगळे न वाचले तरी चालेल, हे मात्र वाचावे. परवा दुपारी मी झोपलो आहे असे समजून आई आणि मृणाल पलीकडे कुजबुजत होत्या. मला तीन शब्द स्वच्छ ऐकू आले: ‘दत्ताराम’, ‘पाट’ आणि ‘बसूक’. यावरून उघड आहे की कन्यादानाच्या पाटावर आपल्याला बसवायचे ठरते आहे. मी इतकी स्थळे मोडली त्याचा हा जाब असेल. आपण मोठे आहात, मान आपला आहे, मी कोण नाही म्हणणार? पण दादा, माझी आई गेली तेव्हा मृणाल माझ्या कमरेएवढी होती. तिला शाळेत घातली मी. तिची जन्मतारीख मास्तरांना मी सांगितली (ती चुकली असेल, पण मी सांगितली). तिच्या वेण्या घालायला मी शिकलो, वाकड्या का होईनात. तरी आपल्याला तसे बोलावणे आले तर आपली कंबर धरली आहे, बोटीचा प्रवास झेपणार नाही, असे उलट टपाली कळवावे. खोटे लिहायला सांगतो म्हणून क्षमा असावी.

ता. क. दुसरा. कंबर फार धरू नये. आई घाबरून गावी निघतील. बोहल्यापर्यंत पोचणार नाही इतपतच धरावी.

दादास बकुळाचा नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले म्हणून खाली जागा आहे तेवढ्यात लिहिते. मृणालवन्संनी तुला पाटावर बसायला बोलावलेले नाही. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या की माझा दादा (म्हणजे हे) बसला नाही तर मी अंतरपाटामागे उभी राहणार नाही. हे ह्यांना सांगायचे कोणी? सांगितले तर म्हणतील, मग कुजबुजता कशाला. कुजबुज अशी की डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टर निघाले तरी पाय लगेच दुमडणार नाही, आणि खुर्चीवर बसून कन्यादान करायला हे कबूल होणार नाहीत. म्हणून आईचे म्हणणे आहे, गावच्या मेस्त्रीकडून फणसाच्या लाकडाचा एक उंच पाट करून आण, पाय लांब सोडून बसता येईल एवढा. माझाही तेवढाच उंच कर. जोडीने एका उंचीवर बसलो म्हणजे ती आपल्याकडची रीतच आहे असे सांगता येईल, आणि ह्यांना संशय येणार नाही. वहिनीची दाढ कशी आहे? कंबर मात्र धरू नकोस. दोन पाट उचलून आणायचे आहेत.